कुडात खोसलेली पाकिटं

आर्णीच्या बाजारात जोहराबी मासे कापायच्या पावशीवर बसली की गिऱ्हाईक माशाकडं नाही, तिच्या उजव्या हाताकडं पाहायचं, इतका सफाईनं तो चालायचा. नवरा गेल्यावर याच हातावर तिनं दोन पोरी उजवल्या.

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या सालची गोष्ट. पंगस मासा साफ करताना कल्ल्याजवळचा काटा तिच्या बोटात घुसला. असे काटे तिला जन्मभर रुतले होते. तिनं हळद दाबली, राहिलेली मासळी विकली, घरी गेली. दोन-तीन दिवसांत बोट वांग्यासारखं फुगलं. आर्णीत गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, सूज ढिम्म. शेवटी शेजारी म्हणून मीच तिला माझ्या गाडीतून यवतमाळला नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पू तपासायला पाठवला. म्हणाल्या, "रिपोर्ट यायला वेळ लागेल, आणि सूज चढतेय. हात जाऊ शकतो. मासे तळ्यातले ना? तळ्यात कोणतं औषध टाकतात ते कळलं, तर आजच काही ठरवता येईल."

ती मासे घ्यायची ते शेततळं घनश्यामचं. मी गाडी तशीच त्याच्या वावरात घातली.

"औषध? मी फक्त सरकीची ढेप अन् कोंडा टाकतो," घनश्याम म्हणाला. "मासे का कपाशी हाय का, फवारायले?"

"जोहराबीचा हात चालला, लेका."

"अन् बोभाटा झाल्यावर माह्ये मासे कोन घेईन? कापूस तर गेलाच."

माझं डोकं फिरलं. कॉलर धरली, तेवढ्यात दवाखान्यातून जोहराबीचा फोन. "भाऊ, झगडून राह्यले ना? त्याईले द्या."

मी फोन मोठ्या आवाजावर केला.

"घनश्यामभाऊ, कपाशीच्या औषधाचं रिकामं पाकीट तुम्ही झोपडीच्या कुडात खोसता. मासळीचं बी तिथंच असन."

आमच्याकडं सगळेच कुडाच्या काड्यांत खोसतात. नाव इंग्रजीत, वाचता येत नाही. पुढच्या वेळी तेच पाकीट दुकानदारापुढं धरायचं. मासे घ्यायला आली की जोहराबी त्याच झोपडीच्या सावलीत बसायची.

घनश्यामची नजर झोपडीकडं गेली.

"कोपरापर्यंत ठणकून राह्यलं," ती म्हणाली. "लवकर करा ना, भाऊ."

तो आत गेला, विळ्यामागून तीन पाकिटं उपसून आणली. "पयल्यानं मासे मेले तं हे देल्लं. मंग हे चालेना, तं हे भारीचं आनलं. मंग हे. आता रोग याच्या आधीच टाकतो. कपाशीले तसंच करतो ना आपन?"

शिवी माझ्या तोंडात आली होती. पण बोंडअळीवर अख्ख्या तालुक्यानं तेच केलं होतं.

मी फोटो पाठवले. बाईंचा लगेच फोन आला. आर्णीत दिलेली दोन्ही औषधं याच जातीची होती. तळ्यातले जंतू ती पचवायला शिकले असावेत, ते त्यांच्या जनुकातच उतरतं, म्हणाल्या.

"म्हणजे बोंडअळीवानीच," मी म्हणालो.

"त्याहून वाईट. अळी ती युक्ती आपल्या पिल्लांना देते. जंतू शेजारच्या जंतूलाही देतो."

त्याच संध्याकाळी त्यांनी वेगळ्या जातीचं औषध सुरू केलं. सूज कोपराखाली थांबली. पुढं रिपोर्टही तेच सांगत आला. बोटाची दोन पेरं कापावी लागली. हात राहिला.

घनश्याम दवाखान्यात भेटायला आला, तेव्हा तिनं त्याला ना शिवी दिली ना चहा विचारला. "तळं आटवा," एवढंच म्हणाली, "अन् ते पानी नाल्यात सोडू नका." उन्हाळ्यात तळं कोरडं पडलं, चुना पडला. पावसाळ्यात त्यानं माशांचं नवं बीज सोडलं. तोवर जोहराबी धरणाची मासळी विकत होती.

मासे मोठे झाल्यावर घनश्याम बोलवायला आला. मीही गेलो. जोहराबी तळ्याकडं फिरकलीच नाही, सरळ झोपडीत शिरली. साडेचार बोटांनी कुडाची फट न् फट चाचपली. काही नव्हतं.

"आता तं झालं ना, भाभी?" घनश्याम म्हणाला.

"ढेपीचं पोतं उपडं करा."

त्यानं केलं. ढेपच होती. तिनं मूठभर उचलून हुंगली, पदराला हात पुसला.

"टाका जाळं. पंगस नोका देऊ, रोहू द्या."