पायरीवरचं कुंकू

बहात्तरच्या दुष्काळात, प्रवरा गोदावरीला मिळते त्या आमच्या संगमावर नुसती वाळू उडत होती, आणि एक इंजिनियर आम्हाला विचारत होता की पूर कुठवर येतो. संशय येणार नाही तर काय? मी नवी सून, मला तर त्याच्या चष्म्याचाही संशय येत होता.

खालच्या अंगाला मोठं धरण बांधत होते. जुन्या पुराची उंची दिली की धरण भरल्यावर संगमाशी पाणी कुठवर चढेल ते पुण्याचा कॉम्प्युटर सांगेल, असं त्याचं म्हणणं. त्या रेषेच्या आतली घरं उठणार, त्यांना वर माळावर जागा मिळणार. नदीकडचं शेवटचं घर आमचं.

आमच्याकडे पूर आला की बायका नदीची ओटी भरतात आणि पाणी टेकलेल्या पायरीला हळदकुंकू लावतात. घाटाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर फार जुन्या पुराचं कुंकू होतं, दर दिवाळीला पुन्हा लावून जपलेलं.

"ह्यो कुकू बघंल आन् घर घेईल," सासूबाई म्हणाल्या. "राख घे, चल."

दोघींनी ती पायरी घासून लख्ख केली. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावानं खालच्या पायरीकडे बोट दाखवलं. साहेब वरच्या पायरीपाशी रेंगाळला.

"मावशी, ही एकच पायरी एवढी स्वच्छ कशी?"

"बसाया लागती आमाला."

"खरं सांगा हं. तुम्ही सांगाल तेच मशीन धरून चालणार."

"खोटं सांगून आमाला काय मिळायचं हाय?"

त्यानं खालची पायरी लिहून घेतली. रेषा आली ती आमच्या अंगणाच्या खालून. सासूबाईंनी गूळ वाटला. मला मात्र घास गोड लागेना. सरकार आपलं इतक्या सहज ऐकतं कधी? त्या माणसाला सगळं कळलं होतं, असं मला आजही वाटतं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

पुढे धरण भरलं. त्यानंतरच्या एका पावसाळ्यात प्रवरेला पूर आला आणि संगमावर पाण्याला पुढे सरायला जागाच उरली नाही. घाट बुडाला, अंगण गेलं. रेषेबाहेरच्यांना माळावर जागा नव्हती.

सासूबाई खणनारळ घेऊन नेहमीसारख्या घाटाकडे निघाल्या आणि दारातच थबकल्या. पाणी उंबऱ्याला टेकलं होतं. त्या खाली बसल्या, उंबऱ्याला हळदकुंकू लावलं आणि ओटी दारातूनच सोडली. मग आम्ही भांडी बांधायला घेतली.