फूफाजींचा फेटा

भूषणने बांधलेला फेटा डोक्यावर चढला की वर्षभर हेल्मेट घालून फिरणारा माणूसही सरदार दिसायचा. धंदा मात्र त्याला जमत नव्हता. इंदूरच्या कापडबाजारातली साड्या उलगडून दाखवायची नोकरी सोडून त्याने अन्नपूर्णा भागात फेटेवाल्याचा बोर्ड लावला, आणि लोक रेडिमेड साफे, म्हणजे आयते बांधलेले फेटे, भाड्याने आणून टोपीसारखे चढवू लागले.

"महू गावातलं हे लग्न म्हणजे हातातली शेवटची ऑर्डर," बायको पूर्णिमा म्हणाली. "त्यातून पुढची कामं निघाली तर ठीक. नाही तर सोमवारपासून पुन्हा सेठजींच्या दुकानात साड्या उलगड."

महूला भूषणने जो समोर येईल त्याला खुर्चीत बसवलं. पहिला आला नवरदेवाचा मामा, आणि घोटाळा तिथेच झाला. घोडी सजली, बँड लागला, तोच नवरदेवाच्या आई, इरावतीबाई, पदर सावरत आल्या.

"भिया, फूफाजी कारमध्ये जाऊन बसलेत. काच वर करून. मामांना आधी बांधला म्हणे."

फूफाजी म्हणजे आत्याचे यजमान, अशोकजी. आमच्या इंदुरी मराठी घरांत रुसायचा हक्क त्यांना पत्रिकेबरोबरच पोचतो.

"वरात अडली तर महूभर तुमचंच नाव होईल हां," इरावतीबाई म्हणाल्या.

भूषणने जाऊन काच वाजवली. ती दोन बोटं खाली आली.

"क्या है?"

"फूफाजी, तुम्हाला मुद्दाम मागे ठेवलं. आधी बाकीच्यांवर हात बसवून घेतला. खास माल आम्ही पहिल्या गिऱ्हाइकापुढे काढत नाही."

हे साडीच्या दुकानातलं बोलणं होतं. काच पूर्ण उतरली.

"मग आरामसे बांधा," म्हणत फूफाजींनी डोकं खिडकीबाहेर काढलं. भूषणनेही भरात तिथेच बांधला, टोलेजंग तुरा काढला. झालं काय, आता डोकं आत जाईना आणि अख्खे फूफाजी बाहेर येईनात. शेवटी भूषणने फेटा सोडला, त्यांना खाली उतरवलं आणि पुन्हा बांधला.

"मला दोनदा बांधला, बाकीच्यांवर नुसता हात बसवला," फूफाजी वरातभर ज्याला त्याला सांगत होते.

ते ऐकून मामा आला. "आमच्यावर हात बसवला काय रे? सोड हा. पुन्हा बांध."

मग काकांनाही दोनदा हवा झाला. भूषणचे खांदे भरून आले, पण जेवणाच्या पंगतीतच तिघांनी आपापल्या घरची लग्नं त्याला सांगून टाकली. फूफाजींनी तर मुलीच्या लग्नाचं सांगितलं, जिला अजून स्थळ बघायचं होतं.

सोमवारी तो सेठजींकडे गेला नाही. आता फोन पूर्णिमाच घेते. फेटे किती, हे ती नंतर विचारते. आधी विचारते, "तुमच्याकडे रुसणारं कोण?" ते नाव यादीत पहिलं.

परवा एक गृहस्थ तडकून म्हणाले, "आमच्यात असलं कोणी नाही, बाई. आणि हे विचारायची पद्धत झाली का?"

पूर्णिमाने फोनवर हात ठेवला आणि भूषणला हळूच सांगितलं, "रुसणारे हेच."