लाईट गेल्यावरची तपासणी

मंठ्यासारख्या गावात बसून मी एका सॉफ्टवेअरमध्ये जगभरातल्या लोकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या तपासतो. ते सगळ्यांसाठी खुलं आहे, बदल कुणीही सुचवावा. आमचं हे अवजार अगदी साधं. लॅपटॉपवरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाईप केली की ते दूरच्या कॉम्प्युटरला हाक मारतं आणि ओ आली की नाही ते सांगतं. दुरुस्त्याही बारक्याच. कुणी एक शब्द बदलतो, कुणी एक आकडा. वाचायच्या मात्र सगळ्या मी. कंटाळलो होतो म्हणणं सौम्य झालं, वैतागलो होतो.

त्या दुपारी 'आता दुसरं कुणीतरी बघा' असा निरोप लिहून तयार ठेवला. पाठवण्याआधी हातातली एक दुरुस्ती निकाली काढायची होती. ओ येण्याची वाट पाचऐवजी एकच सेकंद बघायची, एवढाच बदल. गटातल्या बाकीच्यांनी वरवर बघून होकार दिला होता. मीही देऊन टाकला असता, पण माझी एक खोड आहे. लाईट गेल्याशिवाय मी कशालाच होकार देत नाही. लाईट गेली की अख्खं गाव मोबाईलच्या नेटवर येतं आणि टॉवर रडतखडत चालतो. माझी प्रयोगशाळा तीच.

"लाईट जायची वाट बघून राह्यलेला मंठ्यात एकच माणूस हाय," बायको म्हणाली. निरोपाचं तिला माहीत होतं. "सोडायचंय ना? मंग सोडा की जल्दी."

तेवढ्यात लाईट गेली. जुन्या अवजारानं हाक मारली. ओ आली, पण तिसऱ्या सेकंदाला. नव्यानं एका सेकंदात सांगून टाकलं की पलीकडे कुणी नाही. पुन्हा मारून बघितली, पुन्हा तेच.

मी हरकत लिहिली. ती रखडत का होईना, गेली. बदल सुचवणाऱ्याचं उत्तरही आलं, अगदी सभ्य भाषेत. इतकं हळू नेट आता कुणाकडे उरलंय, असं त्यानं विचारलं होतं.

मला राग आला. दमलेल्या माणसाला येतो तसा, उशिरा आणि बसल्या जागी. निरोप समोरच उघडा होता. मी गेलो असतो तर हा बदल बिनबोभाट आत गेला असता, आणि बाहेरून कुणी इथे हाक मारली असती तर आम्ही सगळे इथेच असताना अवजार म्हणालं असतं, कुणी नाही.

मी उत्तर लिहिलं, 'माझ्याकडे.'

"सोडलं का?" आतून बायकोनं विचारलं.

"न्हाई."

निरोप मी पाठवला नाही. कंटाळा मात्र अजून तेवढाच आहे.