पेंडसेकाकांचे चार प्लग

नोएडातल्या आमच्या सोसायटीत दर रविवारी पेंडसेकाका पार्किंगमध्ये जुन्या गाडीचं बॉनेट उघडतात आणि आम्ही दोन-तीन मराठी टाळकी चहा घेऊन भोवती उभी राहतो. किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. काकांच्या बरणीतल्या जळक्या स्पार्क प्लगांसारखे ते आपोआप साठतात!

गाडी पेट्रोलची, दिवाळीनंतर पंधरा वर्षांची होणार. म्हणजे इथल्या नियमानं रस्त्यावरून बाद. बाहेरगावचं गिऱ्हाईक मिळालं तर वाचेल, नाहीतर भंगार. काकांना हे मान्यच नव्हतं. प्लग काढून ते उन्हात धरायचे. "बघ, टोक कसं बिस्किटी आहे! काळं पडलं तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरं पडलं तर इंजिन तापतंय. हिला काय धाड भरलीय?"

*

एकदा काकू पार्किंगमध्ये आल्या, हातात टूथब्रश. "अहो, माझ्या ब्रशला पेट्रोलचा वास कसा येतोय?"

काका दुसऱ्या ब्रशनं प्लग घासत होते. "चुकून तुझा घेतला वाटतं."

"मग हा तुमच्या हातात कुणाचा आहे?"

काकांनी नीट बघितलं. "हा माझा. म्हटलं, तुझा परत खराब नको व्हायला."

*

थंडीत हवा बिघडली, काका खोकायला लागले. डॉक्टरनं एक्स-रे लावला. काका चष्मा वर करून अगदी जवळ गेले.

"डॉक्टरसाब, दोनों तरफ काला है!"

"अंकल, काला ही नॉर्मल होता है."

काकांनी डॉक्टर बदलला.

*

अखेर राजस्थानातून एक गिऱ्हाईक आलं. काकूंनी रीतसर पोहे केले. मुलगा सभ्य होता, मॉडेल विचारलं, अ‍ॅव्हरेज विचारलं. काकांनी रुमालात गुंडाळलेले चारही प्लग त्याच्यापुढे मांडले. "रंग देखिए."

मुलगा म्हणाला, "अंकल, ये तो मैं वैसे भी फेंक दूँगा."

काकांनी प्लग परत गुंडाळले. मुलगा गेल्यावर म्हणाले, "स्थळ बरं नव्हतं." दुसरं कुणी आलंच नाही.

*

भंगारवाल्यांचा ट्रक आला त्या सकाळी काका वर घरातच बसून होते. काकू खाली आल्या. या गाडीवर पंधरा वर्षं नुसत्या करवादलेल्या काकू! हातात नव्या प्लगांचा बॉक्स होता.

"जरा बसवून दे रे," मला म्हणाल्या.

मी चारही बसवले. ट्रकवाला हसायला लागला. "आंटी, ये तो कटने जा रही है. चाबी भी रहने दो, हम उठा के ले जाएँगे."

काकू ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या, पदर खोचला, चावी फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू!

"उठाना नहीं है भैया," काकू म्हणाल्या. "तुम आगे चलो, हम पीछे आते हैं."