तव्याची प्रार्थना

मॉरिसव्हिलला आमच्या शेजारी दोन आफ्रिकन-अमेरिकन बहिणी राहतात. सत्तरी ओलांडली, तरी एकमेकींशी अबोला. जे काय बोलायचं ते देवाशी, जेवणाआधीच्या प्रार्थनेत.

मोठी ऑपरेशनमधून वाचून पहिल्यांदा टेबलाशी बसली, त्या रविवारी मीही जेवायला होते. तळलेलं चिकन गार होत होतं आणि मी भुकेने कावले होते.

धाकटीने डोळे मिटले. “देवा, हिला वाचवलंस, तुझे उपकार. आता हिला म्हणावं, आईचा बिडाचा तवा मला दे.”

मोठीनेही डोळे उघडले नाहीत. “देवा, तिला म्हणावं, मी मेले की ने.”

आता कुणी आमेनच म्हणेना! मी एका डोळ्याने चिकनकडे बघत राहिले.

शेवटी धाकटी पुटपुटली, “देवा, तवा राहू दे तिच्याकडेच.”