कोणाच्या वरणासारखी?

माझ्या भाचीचं आतडं पिळलं गेलं आणि डॉक्टरांना त्यातलं बरंचसं कापून काढावं लागलं, तेव्हा ती नुकती चालायला शिकली होती. उरलेलं आतडं अगदी आखूड. दूध वाढवायचं ते चमच्याचमच्यानं, आणि शी घट्ट होत असेल तरच. पातळ झाली की अंगातलं पाणी आणि मीठ निघून जाणार, पुन्हा भरती. म्हणून रोज सकाळी डॉक्टरीणबाईंना फोन करून शी कशी झाली ते सांगायचं.

बहीण हिंगणघाटला दिलेली. पण दवाखाना जवळ पडावा म्हणून लेकीला घेऊन आमच्याकडे पिपरीला राहिली होती. सोबत तिची सासू. म्हणजे एका स्वयंपाकघरात दोन विहिणी! आमच्या आईचं वरण भातावरून ओघळत थेट ताटाच्या काठाशी जाणारं. विहीणबाईंच्या वरणात पळी उभी राहायची. लग्नाच्या पंगतीपासून दोघी एकमेकींच्या वरणाचं जरा जास्तच कौतुक करत आल्या होत्या.

एका सकाळी बहीण आंघोळीला गेली होती, विहीणबाई देवळात. फोन आईनं केला आणि शी वरणासारखी झाली म्हणून सांगितलं. डॉक्टरीणबाई खूश, दूध वाढवा म्हणाल्या. मी त्या डायपरची घरभर मिरवणूक काढली, तोंडानं बँड वाजवत.

दुपारी पोर मलूल पडली. डोळे खोल गेले, ओठ सुकले, लघवी नाही. ऑटोत घालून दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं. बाहेरच्या बाकावर विहीणबाईंनी आईला विचारलं, फोनवर नेमकं काय सांगितलं होतं. आईनं सांगितलं.

विहीणबाई म्हणाल्या, "कोणाच्या वरणासारखी? माह्या का तुमच्या?"

आईचा चेहराच उतरला. तिनं आपल्या वरणासारखी म्हणून सांगितलं होतं. डॉक्टरीणबाईंनी कोणाचं धरलं होतं, ते आता उघडच होतं.

डॉक्टरीणबाईंना हे कळल्यावर त्या हसल्या नाहीत. उद्या दोन्ही वरणं घेऊन या, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी घरात पहाटेपासून कुकरच्या शिट्ट्या. विहीणबाईंनी वरून साजूक तूप सोडलं. आईनं फोडणी दिली, कोथिंबीर चिरली, आणि मी दोन डबे हातात धरून वॉर्डात असा शिरलो, जणू रुखवत घेऊन आलोय. डॉक्टरीणबाईंनी दोन्हींत चमचा घालून उलटा केला. एकातलं वरण लगेच सांडलं. दुसऱ्यातलं चमच्याला धरून राहिलं.

"ह्याच्यापेक्षा पातळ झाली की दूध वाढवायचं नाही, लगेच मला फोन करायचा," त्या दुसऱ्या चमच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. विहीणबाईंनी मान खाली घातली, पण पदराआड त्या हसत होत्या, हे मी पाहिलं.

सलाईन निघालं, पोर घरी आली. आई रोज सकाळी देवापुढे निरांजन लावून हात जोडी, आणि विहीणबाईंकडे मान वळवून, त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणे, "देवा, आज यायच्या वरणासारखी होऊ दे."

आठवडाभरानं झाली. आईनं डायपर आधी विहीणबाईंना दाखवलं, त्यांनी मान डोलावली, मग फोन केला. त्या दिवशी भाचीला एक चमचा दूध जास्त मिळालं. ते तिनं पचवलं.