सोबतीला म्हणून

मला मूळव्याध कधीच नव्हती. पण अख्ख्या मुखेडला वाटायचं, हा माणूस मूळव्याधीनं बेजार आहे. जो भेटेल तो उपाय सांगायचा. कोणी म्हणायचं सुरण खा, कोणी म्हणायचं ताक सोडू नको. एका म्हाताऱ्यानं तर भर बाजारात मला बाजूला घेतलं आणि स्वतःची हकीकत इतकी खुलासेवार सांगितली की त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मी सगळ्यांना मान हलवत हाव, हाव म्हणायचो. लातूरला डॉक्टरकडं कशाला जातो याचं खरं उत्तर दिलं असतं, तर यातल्या एकानंही उपाय सांगितला नसता. लांबूनच गेले असते.

माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या जळालेल्या मोटारी येतात, मी आतली तार काढून नवीन भरून देतो. हे काम माझे हात झोपेतही करतील. पण मध्यंतरी असं झालं की हातात तार आणि डोकं भलतीकडंच. पहाटे छाती धडधडायची. भूक मेली. घरात पोरं हसली तरी राग यायचा, आणि राग गेला की रडू. चाळिशी ओलांडलेला मिशीवाला माणूस मी, रडू आलं की गोदामात जाऊन उभा राहायचो. बायकोनं ओळखलं. म्हणाली, "अहो, तुमचं दुखणं पोटात न्हाई. डोक्याच्या डॉक्टरला दाखवा." मी तिच्यावर खेकसलो. बरेच दिवस खेकसत राहिलो, आणि मग गेलो. नांदेडच्या दवाखान्यात अर्धं मुखेड भेटतं, म्हणून लातूर धरलं.

तिथं पहिल्याच दिवशी मला गुरुजी भेटला.

गुरुजी म्हणजे माझ्या गल्लीतला, पहिलीपासून माझ्या बाकावर बसलेला दोस्त. आता शाळेत मास्तर. लग्न असो, जयंती असो, गावात माईक त्याच्याच हातात. तो बोलायला लागला की बाया पदर तोंडाला लावून हसतात. वेटिंगच्या खोलीत लातूरच्या शिकवणी क्लासची पोरं आणि त्यांचे आईबाप दाटीनं बसले होते, आणि कोपऱ्यात एक जण तोंडाला दस्ती बांधून भिंतीकडं बघत होता. बसायची ढब ओळखीची वाटली म्हणून जवळ गेलो. त्यानं वर बघितलं, दस्ती खाली ओढली आणि पांढराफटक पडला.

"तू हितं?"

"मूळव्याध," मी म्हणालो. जिभेला सवयच लागली होती.

"मला बी," तो म्हणाला.

समोरच्या भिंतीवर भलीमोठी पाटी. मनोविकारतज्ज्ञ. दोघांनी पाटी वाचली, एकमेकांकडं बघितलं, आणि असे हसलो की नंबर लावणारी बाई खवळली. किती दिवसांनी हसलो होतो, देवाशप्पथ सांगतो. बाहेर आल्यावर त्यानं माझा हात धरला. "कुणाला बोलायचं न्हाई. आईची आण." मी म्हणालो, "आईची आण."

मग आम्ही दर महिन्याला एकाच बसनं जायला लागलो. गोळ्यांनी गुण आला, पण त्या बसच्या प्रवासानंही तेवढाच आला. खिडकीशी तो, शेजारी मी. एकदा जांब गावाच्या पुढं गेल्यावर त्यानं सांगितलं की मागच्या उन्हाळ्यात तो पहाटे तळ्याच्या बांधावर जाऊन उभा राहायचा. पाण्याकडं बघत. एक दिवस तर चपला काढून ठेवल्या होत्या. एक बाई म्हशी घेऊन आली म्हणून तो माघारी फिरला. हे सांगताना तो दस्तीत तोंड घालून रडला. "बायकोला बी ठाव न्हाई गड्या. तुला सांगून राहिलो." मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो. हे मी कुणाजवळ बोललो नाही. माझ्या बायकोलाही सांगितलं नाही.

पुढं त्याच्या पोरीची सोयरीक आली. अर्धापूरची माणसं, केळीचा बाग, मुलगा सरकारी नोकरीत. पोरगी माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली. बैठकीला गुरुजीनं मला आपल्या शेजारी बसवलं. "हा माझा भाऊच," म्हणून पाहुण्यांना ओळख करून दिली. चहा झाला, पोहे झाले, हसणंखिदळणं झालं. मग मुलाचा मामा घसा खाकरून म्हणाला, "गुरुजी, राग मानू नका. पोरीच्या घरची चौकशी करावीच लागती. तुम्हाला लातूरला डोक्याच्या दवाखान्यात बघितलंय म्हणं आमच्या माणसानं."

आतल्या दारामागं बांगड्या वाजायच्या थांबल्या. मी मनात म्हणालो, सांगू दे आता काहीतरी, मूळव्याध तरी सांगू दे. आणि गुरुजीनं माझ्या खांद्यावर हात टाकला.

"ते व्हय? आवो पाव्हणं, ते माझं न्हाई. ह्याचं हाय. मी आपला ह्याच्या सोबतीला म्हणून जातो."

मला वाटलं, ठीक आहे, वेळ मारून नेली, आता थांबेल. कसला थांबतो! माईकवाला माणूस. म्हणाला, "लई वंगाळ अवस्था होती बिचाऱ्याची. तळ्याच्या बांधावर जाऊन उभा ऱ्हायचा. चपला काढून ठिवल्या होत्या एक दिवस. बसमधी लेकरावानी रडायचा. अशा माणसाला एकटं सोडावं कसं, सांगा?"

स्वतःचा बांध, स्वतःच्या चपला, स्वतःचं रडणं, सगळं माझ्या नावावर करून मोकळा झाला. खांद्यावरचा हात तसाच होता. वर त्या हातानं थोपटत होता मला! मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "दोस्त असावा तर असा." बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळे माझ्याकडं बघायला लागले, आणि मी काय केलं? मान हलवली. दारामागं पोरगी उभी होती. मी खरं बोललो असतो तर तिचं जमलेलं तिथंच मोडलं असतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्यानं मला शेजारी बसवलं होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी स्वतः अनुभवलं.

आठ दिवसांत गावभर झालं. गिऱ्हाईक दुकानाच्या दारात उभं राहून विचारायचं, "बरं हाय ना आता?" आणि मोटार गाडीतून न उतरवता पुढच्या दुकानाला न्यायचं. एकानं तर पोराला माझ्यासमोरच सांगितलं, "करंटचं काम हाय, डोकं ठिकाणावर पाहिजे." गोळ्या खाऊन माझं डोकं खरंच ठिकाणावर आलं होतं हो! आजारी होतो तेव्हा सगळे मोटारी आणून टाकायचे, आणि बरा झालो तेव्हा येडा ठरलो. बायकोला तेव्हा खरं काय ते सांगितलं. ती रडली, चिडली. "तिथंच तोंडावर का न्हाई बोललात?" मी म्हणालो, "पोरीचं तोंड बघून."

लग्नाच्या आदल्या दिवशी गुरुजी पत्रिका द्यायला आला. जाताना हळूच म्हणाला, "जरा मागं-मागंच थांब गड्या. पाव्हणे नवीन हायत." मी लग्नाला गेलोच नाही.

त्यानं लातूरच्या डॉक्टरकडं जाणं सोडलं. सोडावंच लागलं. तो तर पेशंटच नव्हता ना आता, सोबतीला जाणारा माणूस होता, आणि आमचं बोलणंही बंद होतं. मी एकटाच जात राहिलो. शेजारच्या सीटवर कोणीही बसलं तरी मला राग यायचा.

एका दुपारी तो दुकानात आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. स्टुलावर बसला, इकडं-तिकडं बघितलं आणि म्हणाला, "तू उद्या जाणार असशील. माझ्या बी गोळ्या घेऊन ये. तुझं तर समद्याला ठाऊकच हाय."

ऐकलं आणि माझं टाळकं सटकलं. हातातला पाना मी जमिनीवर आपटला. म्हणालो, "अरे बेइमान माणसा, लाज कशी वाटत न्हाई तुला? माझी इज्जत घालवलीस, धंदा घालवलास, अन् आता माझ्याच नावावर गोळ्या पाहिजेत?" अजून पुष्कळ बोललो, इथं लिहिता येत नाही असंही बोललो. तो ऐकत राहिला. एरवी एका शब्दाला दहा शब्द देणारा माणूस, पण तोंडातून अक्षर नाही. त्याच्या गप्प बसण्याचीच मला भीती वाटली. मी विचारलं, "बांधावर गेलतास?"

त्यानं मान हलवली. "आज सकाळी बी."

मी शटर ओढलं. "ऊठ," म्हणालो. "डॉक्टर तुला बघितल्याबिगर गोळ्या देत न्हाई." तो नको नको म्हणत होता, मी दंडाला धरून त्याला स्टँडवर नेलं. लातूरची बस लागलेलीच होती. तेवढ्यात त्याच्या शाळेतला शिपाई समोर आला. "गुरुजी, कुठं निघालात?"

आणि गुरुजी, ज्याला मी धरून नेत होतो तो गुरुजी, म्हणाला, "ह्याला घेऊन चाललो लातूरला. एकट्याला सोडवत न्हाई."

माझा हात खरंच उठला होता. कंडक्टरनं बेल मारली, म्हणून तो हात त्याच्या पाठीला लावून मी त्याला वर ढकललं. अख्खा रस्ता मी त्याचा दंड सोडला नाही. दवाखान्यात त्याला आत पाठवून मी दाराशी बसलो. तो बराच वेळ आत होता.

घरी आलो तेव्हा बायको वाट बघत होती. शिपायाचं बोलणं तिच्यापर्यंत आधीच पोचलं होतं. ताट वाढता वाढता ती म्हणाली, "अजून बी तुमचंच नाव सांगून राहिला, अन् तुम्ही त्यालाच दवाखान्यात नेता? कशाला?"

मी म्हणालो, "मला त्याच्याशी लई भांडायचंय. त्यासाठी तो जित्ता ऱ्हायला पाहिजे."